काचेजवळची दुसरी पेटी

५ मार्च

प्रिय ताई,

आधी खाली बस आणि मग वाच. तू आत्या झालीस. काल दुपारी, ठरल्या वेळेच्या दहा आठवडे आधी, कुणालाही न विचारता. मुलगी आहे. वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. मी जन्मलो तेव्हा सव्वाचार किलोचा होतो आणि मला उचलताना नर्सच्या कमरेत उसण भरली होती, असं आई सांगायची. म्हणजे आपल्या घराण्यात हे माप पहिल्यांदाच.

झालं असं की काल मी एका बारा मजली ऑफिसात लिफ्टच्या टपावर बसून ग्रीस लावत होतो. तेवढ्यात हिच्या छापखान्यातून फोन आला. सकाळपासून हिच्या पोटात दुखत होतं, पण समोरच्या पानाची प्रुफं तपासून होईपर्यंत हिने कुणाला सांगितलं नाही. लिफ्ट मीच बंद करून ठेवली होती, त्यामुळे बारा मजले पायऱ्यांनी उतरलो. खाली वीस माणसं लिफ्टसाठी ताटकळत उभी. कधी चालू होणार म्हणून विचारायला लागली. मी म्हणालो, बाळ झालं की. ती अजून तिथेच उभी असतील.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. किती टक्के हे, किती टक्के ते. मी मान डोलावत होतो, पण त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती आणि माझं सगळं लक्ष त्या पडतात की काय इकडे. त्यामुळे टक्के राहून गेले.

बाळाला अतिदक्षता विभागात ठेवलंय. इथे त्याला नुसतं 'आत' म्हणतात. बाळ आत आहे. आत जाताय का? आत जाताना हात धुतले का? आत काचेच्या पेट्या आहेत, आपली काचेच्या भिंतीजवळची दुसरी. पेटीला दोन गोल खिडक्या आहेत, त्यातून हात घालायचा. काही बिनसलं की भोंगा वाजतो, आणि तो अगदी आमच्या लिफ्टमध्ये जादा माणूस शिरल्यावर वाजतो तसाच आहे. वाजला की मी आपोआप एक पाऊल मागे सरतो.

तुझ्या डोंगरावर फोन लागत नाही म्हणून हे पत्र. गुरुवारच्या जीपने पोचेल. तू यायची घाई करू नकोस, आत फक्त आईबाबांना सोडतात. आणि काळजीसारखं काही नाही. ही ठीक आहे, मी ठणठणीत आहे.

हात पुन्हा धुवायची वेळ झाली.

तुझा ढब्या


८ मार्च

ढब्या,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. बस म्हटलं की मी बसत नाही हे चाळीस वर्षांत तुला कळायला हवं होतं.

मुलगी झाल्याचं पत्र, आणि त्यात लिफ्ट अर्धं पान, बुटाची नाडी चार ओळी आणि मुलगी तीन ओळी. केस आहेत का? रंग कसा? कुणासारखी दिसते? श्वास कसा घेते? काळजीसारखं काही नाही असं तू कधी लिहितोस ते मला ठाऊक आहे. सायकलवरून पडून दात पाडून घेतलास तेव्हाही तू हेच सांगत आला होतास, फक्त ते नीट ऐकू येत नव्हतं.

मी वेधशाळेत काम करते, मोघम बोलणं मला चालत नाही. सोबत आमचा रोजच्या नोंदींचा तक्ता पाठवते आहे. तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि वेग, दृश्यमानता, पर्जन्य. पेटीतली हवासुद्धा हवाच असते, तेव्हा रकाने रिकामे सोडायचे नाहीत. पर्जन्याच्या रकान्यात काय लिहायचं ते लंगोट बघून ठरव. वजनाचा रकाना मी शेवटी हाताने आखलाय.

मला लगेच निघता येत नाही. माझा कामावरचा जोडीदार रजेवर गेलाय, तो महिनाअखेरीस येणार. इथे आता मी आणि वायरलेसवाले काका, दोघंच. काकांना बातमी सांगितली तर ते उठून विणायच्या सुया घेऊन बसले. एवढाल्या हाताचा माणूस, पण विणतो सुबक. डोकं केवढं, विचारत होते. मी अंदाजाने लिंबापेक्षा मोठं नि संत्र्यापेक्षा लहान असं सांगितलं. टोपी सोबत आहे.

वहिनीला म्हणावं, पानं तपासायला जन्म पडलाय. आणि तू वेळेवर जेव.

ताई


१३ मार्च

प्रिय ताई,

तक्ता भरला. तापमान चौतीस, आर्द्रता सत्तर टक्के, म्हणजे तुझ्या डोंगरापेक्षा हवा बरी. वारा नाकातल्या नळीतून, दिशा आत, वेग मंद. दृश्यमानता शून्य, कारण अंग पिवळं पडू नये म्हणून वर निळा दिवा लावलाय आणि डोळ्यांवर पट्टी आहे. त्यात ती समुद्रकिनारी पडलेल्या एखाद्या श्रीमंत बाईसारखी दिसते. पर्जन्य दिवसातून सहा वेळा, पैकी एकदा थेट माझ्या बाहीवर. वजन आधी उतरून एक किलो नव्वदवर गेलं, मग एकशे तीसवर आलं. उतरणारच होतं म्हणे. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा ती नाडी आड आली असेल.

काकांची टोपी तिच्या खांद्यापर्यंत आली. इथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा.

आता खरी बातमी. परवा मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "चला, बटणं काढा." मला वाटलं कुठली तरी लिफ्ट अडकलीय. तर शर्टाची. बाळाला उघड्या छातीवर ठेवतात, वरून चादर, आणि तासभर बसायचं. बाळाला त्याने ऊब मिळते, श्वास सुधारतो. पडद्याआड खुर्चीवर बसलो. त्यांनी तिला नळ्यांसकट उचलून माझ्या छातीवर ठेवलं. ताई, ती ठेवली आहे हे कळतसुद्धा नव्हतं. खिशात पाकीट असतं तेवढाच भार.

आणि मग तिने गळ्याच्या हाडाखाली बोटं हलवली.

मला गुदगुल्या किती होतात हे तुला माहीत आहेच. शिंपी माप घ्यायला आला की मी कपाटामागे जायचो. इथे जायचं कुठे? श्वास रोखून धरला. तोंड लाल झालं. सिस्टर म्हणाल्या, बाळाला ऑक्सिजन पुरतोय, तुम्हाला देऊ का? शेवटी माझा बांध फुटला. आवाज न करता हसलो, पण पोट काही ऐकेना. ती माझ्या छातीवर होडीसारखी वरखाली व्हायला लागली. मला वाटलं, आता भोंगा वाजणार. तर यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णव, त्र्याण्णव, शहाण्णव. सिस्टर आकड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हसा, पण एका लयीत हसा."

बाकी सगळं उत्तम. पहिल्या दिवसापासून मी अगदी खंबीर आहे.

तुझा ढब्या

दुरुस्ती: ताई, हे पत्र टाकायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. 'पहिल्या दिवसापासून खंबीर' हे चुकलं आहे. पहिल्या दिवशी हा पेटीसमोर चक्कर येऊन पडला आणि पडताना डॉक्टरबाईंनाही घेऊन पडला. नाडीची गोष्ट तिथून आली. बाकी मजकूर बरोबर, दोन वेलांट्या सोडून. — वहिनी


२२ मार्च

ढब्या,

सोमवारी जीप आली. कांदे, रॉकेल, तीन जुनी मासिकं. पत्र नाही. काल गुरुवारी आली. बॅटऱ्या आणि एक झाडू. पत्र नाही.

तेव्हा मी जे केलं ते सांगून टाकते. आम्ही दर तीन तासांनी वायरलेसवरून मुख्य कचेरीला आकडे कळवतो. खाजगी निरोपाला सक्त मनाई आहे. काल दुपारच्या आकड्यांनंतर मी काकांना म्हटलं, पुढे जोडा, शहरातल्या हॉस्पिटलला फोन करून भाचीची खबर कळवा. काकांनी नियमांचं पुस्तक उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि निरोप धाडला.

कचेरीतला कारकून भला माणूस. त्याने फोन केला. संध्याकाळी उत्तर आलं, तेही आमच्या ठरावीक भाषेत, कारण त्याला दुसरी येत नाही. "बालस्थिती स्थिर. पुढील चोवीस तास लक्ष ठेवणे."

ढब्या, हे वाक्य आम्ही वादळ किनाऱ्याजवळ येऊन थांबलं की वापरतो. स्थिर म्हणजे काय ते मला कळतं.

विनोद नको. तक्ता नको. दोन ओळी लिही. तुला जमत नसेल तर वहिनीला लिहू दे.

ताई


२६ मार्च

ताईंस,

तुमचं पत्र काल मिळालं. मीच लिहिते आहे, कारण ह्याला जमत नाही. तो रोज लिहायला बसत होता. वरती 'प्रिय ताई' लिहायचा, कागदाची घडी घालायचा आणि खिशात ठेवायचा. धुवायच्या कपड्यांत असे सात कागद निघाले.

पंधरा तारखेला, शुक्रवारी सकाळी, ती श्वास घ्यायची थांबली. इतकी लहान बाळं कधीकधी विसरतात म्हणे, तळव्याला टिचकी मारली की आठवतं. या वेळी टिचकीने आठवलं नाही. रक्तात संसर्ग झाला होता. तिला श्वासाच्या मोठ्या मशीनवर घेतलं, घशात नळी घातली. डॉक्टरबाईंनी पुन्हा टक्के सांगितले. या वेळी आम्ही दोघांनी ऐकले. ते मी लिहीत नाही.

सात दिवस आम्ही तिला उचलू शकलो नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आवाज ऐकू द्या, बोलत राहा, गोष्टी सांगा. मी तोंड उघडलं की रडू यायचं. ह्याला एकही गोष्ट येत नाही. मग ह्याने कामाच्या पिशवीतून लिफ्टच्या देखभालीची पुस्तिका काढली आणि गोल खिडकीशी तोंड नेऊन वाचायला लागला. "कलम सात. तारदोराची तपासणी दर महिन्यास करावी. तार झिजलेली आढळल्यास लिफ्ट तत्काळ थांबवावी." सात दिवसांत दोनदा वाचून झाली. त्या विभागातल्या सगळ्या नर्सना आता लिफ्टमध्ये अडकल्यावर काय करायचं ते तोंडपाठ आहे. त्या पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या एकशे बारा चुका आहेत. मी त्या मोजत बसायचे. दुसरं काही मोजायची हिंमत नव्हती.

एकवीस तारखेला एक नर्स धावत आली, हवामान खात्याचा फोन आहे, आपल्या विभागाचं विचारतायत. मोठ्या सिस्टरनी खिडकीतून बाहेर बघून स्वच्छ ऊन आहे म्हणून सांगितलं. भाची हा शब्द आला तेव्हा कुठे उलगडा झाला. मग त्या कारकुनाला काय सांगायचं ते मीच सांगितलं. तो दर वाक्यानंतर "नोंद घेतली" म्हणत होता. ताई, त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. ती स्वतः श्वास घेते आहे. काल पुन्हा मशीन लागलं नाही, आजही नाही. वजन एक किलो दोनशे दहा. हा आज चार वाजता पुन्हा तिला छातीवर घेऊन बसला. आता गुदगुल्या झाल्या तरी हसत नाही, नुसता बघत बसतो.

तुम्ही आलात तर बरं होईल. ह्याने येऊ नका लिहिलं होतं, तीही दुरुस्तीच समजा.

वहिनी


२९ मार्च

वहिनी आणि ढब्या,

मुख्य कचेरीचा मेमो आलाय. काकांचा निरोप चुकून सगळ्या वेधशाळांना गेला होता. "आर्द्रता अठ्ठेचाळीस, पर्जन्य निरंक, भाची कशी आहे कळवा." मेमोत खुलासा मागितलाय आणि शिक्षा म्हणून मला दहा दिवस कामावरून दूर राहायला सांगितलंय. शिक्षेचा कागद हातात घेऊन नाचलेली मी या खात्यातली पहिलीच असेन. त्याच जीपने इतर वेधशाळांची सहा पत्रं आली, सगळ्यांचा प्रश्न एकच, भाची कशी आहे.

जोडीदार परत आलाय. हे पत्र आणि मी सोमवारी एकाच जीपने निघतोय. पत्र आधी पोचलं तर दार उघडं ठेवा. मी आधी पोचले तर पत्र वाचायची गरज नाही.

ताई


१२ एप्रिल

प्रिय ढब्या,

काल सुखरूप पोचले. काका जीपपाशीच उभे होते. सामान उतरवायच्या आधी त्यांनी विचारलं, कशी आहे. मी त्यांना तासभर सांगत होते.

तुमच्या घरातले ड्रॉवर मी लावून दिलेत आणि चिठ्ठ्या चिकटवल्यात. वहिनीने एका चिठ्ठीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला ते मी पाहिलं, बोलले नाही.

पण खरं सांगू का, मला इथे अजून चार ते पाच ही भेटीची वेळ झाली की करमत नाही. काचेबाहेर उभं राहायचं, आत जायचं नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही. तू सांगितलंस तशी दुसरी पेटी बघितली आणि बघताक्षणी ओळखलं. ढब्या, नाक थेट आईचं. कपाळावर ती आठी बाबांची, पेपरात चुकीची बातमी आल्यावर पडायची ती. आणि जावळ किती दाट. तुझ्या पत्रात केसांचा उल्लेखच नव्हता, पुरुषांचं लक्षच नसतं. मी रोज तास-तासभर तिच्याशी बोलले. काचेतून ऐकू जात नाही हे मला कळतं. तिला आपल्या घरातलं सगळं सांगितलं, तू कपाटामागे लपायचास ते सुद्धा. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघून जांभई दिली. ती परक्या माणसाला देतात तशी जांभई नव्हती.

आत एक हिरव्या शालीतली बाई असायची. नर्स नसावी. माझ्याकडे फार मायेने बघायची आणि निघताना रोज हात जोडायची. तुमच्याकडची माणसं चांगली आहेत.

आणि हो, रोज मी काचेशी यायचे तेव्हाच तू नेमका कुठे गायब व्हायचास? मुलीला एकटं टाकून कॉफी प्यायला जाणं शोभत नाही.

ताई


१७ एप्रिल

ताईंस,

हे पत्र कोणी लिहायचं यावरून आमच्यात दोन दिवस वाद झाला. हा म्हणाला, चूक दाखवणं तुझं काम. म्हणून मी.

ताई, चार ते पाच हा रोज पडद्याआड खुर्चीवर बसलेला असायचा आणि ती त्याच्या छातीवर असायची. त्या वेळी आपली पेटी रिकामी असते. आणि काचेजवळची दुसरी पेटी आतून मोजली की एक आणि बाहेरून मोजली की दुसरीच. दहा दिवस तुम्ही ज्याच्याशी बोललात तो बेकरीवाल्याचा मुलगा.

ह्याला खरंच माहीत नव्हतं. दाट जावळ म्हणालात तेव्हा तो मला म्हणाला, ताईला दिसलं असेल तर असेल. आपल्या मुलीच्या डोक्यावर सध्या पीचच्या सालीवर असते तेवढी लव आहे.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. पडद्याआडून बाहेर आले तर तुम्ही त्या पेटीसमोर हातवारे करून काहीतरी सांगत होता. मी काचेकडे निघाले होते. तेवढ्यात त्या हिरव्या शालीतल्या बाईंनी मला थांबवलं. त्या त्याची आई. ती मंडळी फार लांबची. नवऱ्याला भट्टी बंद ठेवता येत नाही म्हणून तो परत गेलेला. बाळ जन्मलं तेव्हा आठशे नव्वद ग्रॅमचं, दोनदा मरता मरता वाचलेलं. सव्वा महिन्यात त्या मुलासाठी काचेबाहेर कुणी येऊन उभं राहिलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "त्या बाई कोण हो? माझ्या बाळाशी तासभर बोलतात."

मी म्हणाले, "आमच्या ताई आहेत."

तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही येता तेव्हा तो शांत पडतो आणि त्याचे आकडे बरे येतात. खरंखोटं मला माहीत नाही. पण तेव्हापासून त्या स्वतः दोन घास जेवायला लागल्या हे मी पाहिलंय. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे. समोर ढळढळीत चूक दिसत असून पेनाचं टोपण न उघडण्याची ही पहिलीच वेळ.

रागावला असाल तर माझ्यावर रागवा, ह्याच्यावर नको.

आपली मुलगी आता एक किलो सातशे ग्रॅमची आहे. नाकातली नळी गेली. बाटलीने दूध प्यायला शिकते आहे. पिते, दमते, झोपते आणि झोपेत रागावते.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की दुपारचे आकडे पाच मिनिटं उशिरा गेले. त्याचा मेमो येईल तेव्हा बघू.

मी मात्र एक दिवस फुगून बसले. म्हणजे दहा दिवस मी एका अनोळखी मुलाला त्याच्या आजीचं नाक आलंय म्हणून सांगत होते. वर त्याला तू ढब्यासारखा लबाड होऊ नकोस, असंही बजावलं. बिचाऱ्याने जांभई दिली ती कंटाळून दिली असणार. आणि माझ्या खऱ्या भाचीला मी अजून पाहिलेलंच नाही. पडद्याच्या त्या बाजूला ती बापाच्या छातीवर झोपलेली आणि मी इकडे दुसऱ्याच्या लेकराला घराण्याचा इतिहास सांगतेय. हे आठवलं की मला हसू येतं, पण ते टिकत नाही. मग मी उठून पर्जन्यमापक पुसून येते.

तुझ्यावर रागावलेले नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही गप्प बसायचं ठरवलं असतं, फक्त मला जमलं नसतं.

नाक मात्र आईसारखंच होतं, यावर मी ठाम आहे. बेकरीवाल्यांनी त्यांच्या घराण्यात तपास करावा.

आता मला दोन तक्ते हवेत. एक आपल्या मुलीचा, एक त्याचा. वजन, श्वास, दूध. त्याच्या आईला विचारून भरा आणि तिला सांगा, आत्याबाईंना रोज चार वाजता आठवण येते. चूक झाली होती हे सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या मते आता ती चूक राहिलेली नाही.

जूनमध्ये रजा टाकलीय. या वेळी काच नको. मुलगी थेट हातात द्या.

ताई


७ मे

प्रिय ताई,

तीस तारखेला आम्ही घरी आलो. दोन किलो साठ ग्रॅम. डॉक्टरबाई दारापर्यंत सोडायला आल्या. मी त्यांच्यापासून चार हात लांब चालत होतो, त्याही माझ्यापासून.

आधी त्याचं. बेकरीवाल्यांचा मुलगा मशीनवरून उतरला, एक किलो पाचशे चाळीस. हिने त्याच्या आईला सगळं खरं सांगून टाकलं. हिला राहवलं नाही. त्या बाई म्हणाल्या, आता त्यांना सांगू नका, वाईट वाटेल. तुला सगळं कळलंय हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. तेव्हा जूनमध्ये तू त्यांना भेटशील तेव्हा तुला काही माहीत नाही आणि त्यांनाही काही माहीत नाही, एवढं लक्षात ठेव.

घरी पहिले दोन दिवस फार विचित्र गेले. इतके आठवडे सगळं यंत्रं सांगत होती, श्वास किती, ठोके किती. आता सांगायला कुणी नाही. आम्ही दोघं पाळीपाळीने तिच्यावर वाकून बघायचो. तिने एकदा डोळे उघडले तेव्हा दोन्हीकडून दोन डोकी आलेली पाहून दचकली. तिने श्वास घेतला की मी मान डोलवायचो. हात धुतल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. पोस्टमनने दोनदा धुतले, आता तो पत्रं दाराखालून सरकवतो.

ती हॉस्पिटलात जेमतेम कण्हल्यासारखी रडायची. घशातल्या नळीने आवाज बसला होता. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, येईल हळूहळू. आम्ही वाट बघायचं सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपली मुलगी मऊ आवाजाची. गेले तीन दिवस आवाज चढल्यासारखा वाटायचा, पण मला वाटे, आपण कान लावून ऐकतो म्हणून.

काल दुपारी दाराला चिठ्ठी लावलेली सापडली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपालबाई राहतात, त्यांची. "आपल्या घरातून तीन दिवस मोठ्याने रडण्याचा आवाज येत आहे. दुपारच्या विश्रांतीत व्यत्यय येतो. कृपया बंदोबस्त करावा."

मी चिठ्ठी घेऊन तसाच खाली गेलो. बेल वाजवली. बाई भांडायच्या तयारीने दारात आल्या.

मी विचारलं, "आवाज खरंच इथपर्यंत येतो?"

"येतो म्हणजे? स्पष्ट येतो."

"दार लावलेलं असताना?"

"दार लावून, खिडकी लावून, कानात कापूस घालून."

मी म्हटलं, मला जरा आत येऊन ऐकता येईल का? त्या दारातून बाजूला झाल्या. मी त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभा राहिलो. वर ही बाटली गरम करत असणार, कारण त्याच क्षणी सुरू झालं. ताई, छतातून येत होतं. कपाटाची काच थरथरत होती. मधे एक श्वास घ्यायची, दमदार, आणि पुन्हा सुरू.

माझ्या डोळ्यांना धार लागली. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मग मी त्यांना सगळं सांगितलं, पेटी, नळी, ते सात दिवस. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. स्वतःही समोर बसल्या आणि बराच वेळ आम्ही दोघं वर बघत ऐकत राहिलो.

शेवटी त्या म्हणाल्या, "फुफ्फुसं चांगली आहेत हो."

मी म्हटलं, "तुम्ही लेखी दिलंयत."

तुझा ढब्या